बाथच्या मिरवणुकीत

“आई, येताना एक चांगले नऊवारी लुगडे आणि घरातली नथ घेऊन या. सप्टेंबरात आपल्याला बाथला मिरवायचे आहे,” असे सूनबाईने फोनवर सांगितले, तेव्हा ती थट्टा करीत असावी असेच मला वाटले. माझे वय सहासष्ट. ह्यांना जाऊनही त्या वेळी सहा वर्षे होऊन गेलेली. मिरवण्याचे माझे दिवस कधीच सरले, आणि तेही परमुलुखात! परंतु सूनबाई पडली हौशी. मुलगा नोकरीनिमित्त ब्रिस्टलला राहतो, आणि बाथ तेथून आगगाडीने पाव तासाच्या अंतरावर. तेथे दर सप्टेंबरात दहा दिवस जेन ऑस्टेन ह्या कादंबरीकर्त्रीच्या नावाने उत्सव होतो, आणि त्यात एक दिवस शेकडो स्त्रीपुरुष सव्वादोनशे वर्षांपूर्वीचा पोशाख करून शहरातून मिरवत जातात. सूनबाईने आमची नावे आगाऊ नोंदवूनही टाकली होती. त्या काळचा पोशाख असल्याशिवाय मिरवणुकीत पाऊल टाकता येत नाही, एवढीच काय ती अट.

उत्सव तसा अलीकडचा, २००१ साली सुरू झालेला. पण इतक्या अवकाशात त्याचा बोलबाला एवढा झाला की २००९ साली एकाच वेळी ४०९ माणसे त्या पोशाखात जमल्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली, आणि पुढे २०१४ साली ५५० माणसांनी तो विक्रम मोडला. जेन ऑस्टेनबाई ह्या शहरात १८०१ ते १८०६ अशी जेमतेम पाच वर्षे राहिल्या. शहर त्यांना फारसे मानवले नाही असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पण त्यांच्या दोन कादंबऱ्यांची कथानके ह्या गावात घडतात, आणि गावाने तेवढ्यावर त्यांना आपले करून टाकले आहे. नावडत्या सासरी सुनेची तसबीर मात्र दिवाणखान्यात लागावी, तसाच हा प्रकार.

आता पोशाखाविषयी. सूनबाईने स्वतःसाठी आणि माझ्या दहा वर्षांच्या नातीसाठी त्या काळचे झगे शिवावयास घेतले होते. हा झगा दिसावयास साधा. कंबर म्हणून जी काही असते ती छातीच्या लगेच खाली, आणि तेथून पायघोळ सरळ सोडलेले पांढरे तलम कापड. आतून मात्र थरावर थर : अंगालगत एक सैल सुती सदरा, त्यावर छाती उचलून धरणारी काचोळी, मग परकर, आणि सर्वांवर हा झगा. बटणे थोडी, बहुतेक काम नाड्या आणि टाचण्या ह्यांवर. कापड इतके पातळ की त्यात खिसा ठेवावयाची सोय नाही. म्हणून बायकांच्या मनगटाला एक लहानशी पिशवी लटकू लागली. आपल्या चंचीची ही गोरी बहीणच म्हणावयाची! उत्सवातील कडव्या मंडळींना यंत्राची शिवण दिसलेली खपत नाही. ती सारे हातशिलाईने शिवतात. सूनबाईने आतली शिवण यंत्रावर मारली आणि बाहेर दिसणारी हाताने घातली. “हे म्हणजे वरून सोवळे आणि आतून ओवळे,” असे मी म्हणाले. तिने ऐकून न ऐकल्यासारखे केले.

ह्या पांढऱ्या झग्याचे मूळ शोधू गेल्यास आपल्याच देशात यावे लागते. ते तलम कापड म्हणजे मलमल. ढाक्याजवळ मेघनेच्या काठी पिकणाऱ्या एका विशिष्ट कापसापासून हाताने कातलेली ही मलमल कंपनी सरकारच्या गलबतांतून विलायतेला जाई, आणि तेथल्या सरदारकन्यांपासून पाद्र्याच्या मुलींपर्यंत सर्वांना तिचा ध्यास. ऑस्टेनबाईंच्या एका कादंबरीत नायक तरुण मुलीच्या सोबतीला आलेल्या वडीलधाऱ्या बाईंपुढे आपल्या मलमलीच्या पारखीची प्रौढी मिरवतो, आणि बहिणीसाठी अस्सल हिंदी मलमल किती स्वस्तात आणली हे भाव सांगून ऐकवतो! लेखिकेने हा प्रसंग विनोदाने रंगविला आहे. पण त्या विनोदामागे आपल्या विणकरांचा घास हिरावला जात होता, हेही आपण विसरू नये. १७७९ साली क्रॉम्प्टनने नवे सूतयंत्र काढले, आणि थोड्याच वर्षांत विलायतेतच मलमल निघू लागली. काश्मिरी शालींची गतही तीच झाली. त्या शाली महाग म्हणून नॉरिच, एडिंबरो आणि पेझ्ली येथील मागांवर त्यांच्या नकला विणू लागले. आणि आज आपल्या कोयरीला जगभर त्या पेझ्ली गावाच्या नावाने ओळखतात. नातीच्या शाळेतील मुलींना कोयरी मूळची आमची आहे हे सांगून पटत नाही, अशी तिची तक्रार आहे.

ऑस्टेन कुटुंबाचा हिंदुस्थानाशी संबंध केवळ कापडापुरता नव्हता. जेनच्या वडिलांची बहीण फिलाडेल्फिया ही पोरकी आणि निर्धन मुलगी. तिने १७५२ साली ‘बॉम्बे कॅसल’ नावाच्या गलबतावर चढून मद्रास गाठले ते नवरा मिळविण्यासाठी. आणि वर्षाच्या आत कडलूर येथे कंपनीच्या एका डॉक्टराशी तिचे लग्न लागले. तिची मुलगी कलकत्त्यास जन्मली. हुंडा नाही म्हणून मुलीला सात समुद्रांपार पाठवावयाचे, आणि कोण कुठला पुरुष गाठ पडेल त्याच्या गळ्यात तिला बांधावयाचे! आमच्याकडील वधूपरीक्षेला नावे ठेवणाऱ्या मंडळींनी हा प्रकारही ध्यानात ठेवावा.

असो. प्रश्न माझ्या पोशाखाचा होता. सूनबाईचे म्हणणे असे की, तो काळ म्हणजे आपली उत्तर पेशवाई. १८०३ साली ऑस्टेनबाई बाथमध्ये होत्या तेव्हा पुण्यात दुसरे बाजीराव इंग्रजांच्या मदतीने गादीवर परत बसले होते. तेव्हा आईंनी विलायती झगा कशाला घालावा? त्यांनी पेशवाई थाटात यावे. मुलाने लगेच थॉमस डॅनियल ह्याचे १८०५ सालचे चित्र मला पाठविले. पुण्याचा वकील मॅलेट हा सवाई माधवरावांच्या दरबारात १७९० चा तह करीत आहे, असा तो देखावा. मूळ चित्र लंडनच्या टेट संग्रहाच्या मालकीचे आहे. त्यात पागोटी पाहावी, अंगरखे पाहावेत, बैठक पाहावी. मात्र घरंदाज बाईचा वेष पाहू म्हटले तर दरबारात ती कोठून असणार?

तरीही मी हुरळले, हे कबूल करते. आजकाल पुण्यात शिवलेली नऊवारी मिळते, पायजम्यासारखी चढवावयाची. ती घेण्याचा विचारही मनाला शिवला नाही. आईने शिकविलेला काष्टा मला अजून येतो. सेफ्टी पिनसुद्धा लावावयाची नाही असे मी ठरविले. कारण ती निघाली १८४९ साली. राहिली नथ. ती थोरल्या जाऊबाईंच्या कपाटात.

जाऊबाईंचे वय एक्याऐंशी. घराच्या किल्ल्या आणि घराच्या आठवणी, दोन्ही त्यांच्याजवळ. मी सारी हकीकत सांगितली. त्यांनी ती निवांतपणे ऐकून घेतली, चष्मा पुसला, आणि म्हणाल्या, “जा ना, जरूर जा. पण मला एक सांग, अठराशे तीन साली तुला नथ कोणी घालू दिली असती गं?”

त्यांच्या बोलण्यात बोच नव्हती. त्या साधा प्रश्न विचारीत होत्या, आणि त्याचे उत्तर मला येत होते. पेशवाईतील ब्राह्मण विधवेचा अस्सल वेष म्हणजे नथ, चंद्रकळा आणि हिरवा चुडा नव्हे. तो म्हणजे आलवण आणि मुंडण केलेले डोके. अस्सलपणाचा मला एवढा सोस, सेफ्टी पिनसुद्धा वर्ज्य. आणि मुळातली गोष्ट मात्र माझ्या ध्यानातच आली नव्हती! सहा वर्षांत मला कोणी विधवा म्हणून वेगळे बसविले नाही, कपाळीचे कुंकू पुसावयास सांगितले नाही, हळदीकुंकवाला हाक मारावयाचे टाळले नाही. निदान तोंडावर तरी नाही. म्हणूनच की काय, इतिहासात डोकावताना मी निर्धास्तपणे सवाष्णीच्या दाराने आत शिरले होते.

जाऊबाई उठल्या, आणि कपाटाच्या तळातून एक पितळी डबी काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवली. आत नथ होती. घरातली म्हणून जी आम्हां जावांच्या लग्नांत निघे ती ही नव्हे. ही लहानशी, चार मोत्यांची, मधला खडा किंचित उडालेला. “ही आत्याबाईंची,” त्या म्हणाल्या. “अकराव्या वर्षी उतरवली. नंतर कोणी घातली नाही, आणि मोडलीही नाही. मी मागे सोनाराकडून तिला चाप बसवून घेतला होता. का घेतला, ते मला सांगता यायचे नाही.”

आत्याबाई म्हणजे माझ्या आजेसासऱ्यांची धाकटी बहीण. १९७९ साली मी लग्न होऊन घरात आले तेव्हा त्या नव्वदीला टेकलेल्या होत्या. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला. पण आमच्या घरापर्यंत तो वारा पोचावयास फार उशीर झाला. मी पाहिले तेव्हाही आत्याबाई तांबड्या आलवणातच होत्या. ते फिकटून विटेच्या रंगाचे झाले होते. मागच्या पडवीत त्यांची वेगळी दोरी असे, आणि तिच्यावर फक्त तेच वाळे. त्यांच्या हातचे सांडगे आणि कुटाच्या मिरच्या साऱ्या आळीत वाखाणल्या जात. दूधवाल्याचा महिन्याचा हिशेब त्या तोंडाने चुकीशिवाय करीत. लग्नानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावून म्हटले, “तुझा शालू दाखव पाहू.” मी आणून मांडीवर ठेवला. त्यांनी त्याला हात लावला तो बोटांच्या उलट्या बाजूने, जणू तवा तापला आहे की नाही हे पाहावे तसा; आणि “चांगला आहे हो, ने आता,” असे म्हणून परत दिला. १९८२ साली त्या गेल्या.

ती डबी घेऊन मी विलायतेला गेले. काय नेसावयाचे हे मात्र विमानातही ठरले नव्हते. सूनबाईला सगळे सांगितले, तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. मग तिने दुसरा मार्ग सुचविला. विलायतेतील विधवा आधी काळा वेष करीत, आणि काही काळाने करडा किंवा जांभळट चालत असे. तेव्हा तसा झगा आपण दोन दिवसांत शिवू. सूचना वाईट नव्हती. त्या विधवेचे केस शाबूत असत आणि तिला पुनर्विवाहाची मोकळीक असे, हे खरे. परंतु तिचेही सुख फार मोठे होते अशातला भाग नाही. जेनचे वडील १८०५ साली बाथमध्येच वारले. त्यानंतर तिची आई आणि दोन्ही अविवाहित मुली मुलांनी पाठविलेल्या पैशांवर दिवस काढीत एका भाड्याच्या बिऱ्हाडातून दुसऱ्या बिऱ्हाडात जात राहिल्या, आणि पुढच्या वर्षी त्यांनी शहरच सोडले. शिवाय मडम होऊन फिरावयास माझा जीवही धजेना. शेवटी मी निळे इरकली लुगडे नेसले, अंगावर शाल घेतली, पिकलेल्या केसांचा अंबाडा घातला आणि रोजच्यासारखे कुंकू लावले. नथीची डबी कनवटीला खोचली. हा वेष कोणत्याच सालचा नव्हता. तसे म्हटले तर १८०३ साली ह्या घरची बाई बाथला असणेच अशक्य! राघोबादादांनी १७८१ च्या सुमारास आपला ब्राह्मण वकील विलायतेला धाडला होता. एडमंड बर्कने त्याला स्वयंपाकासाठी आपल्या बागेतले काचघर मोकळे करून दिले. आणि तो परतला तेव्हा समुद्रोल्लंघनाचे प्रायश्चित्त त्याला चुकले नाही. पुरुषाची ही कथा, तर बायकांचे काय?

मिरवणुकीचा दिवस २०२३ च्या सप्टेंबरातला. त्या आठवड्यात विलायतेत असे ऊन पडले होते की आम्हांलाही पुण्याचा वैशाख आठवावा. बाथ हे गाव टेकड्यांच्या वाटीत वसलेले आहे. सारी घरे मधाच्या रंगाच्या एकाच दगडाची. ‘रॉयल क्रेसेंट’ नावाची तीस घरांची अर्धचंद्राकृती ओळ १७६७ ते १७७४ ह्या काळात उभी राहिली. तिच्यासमोर आम्ही तिघी जाऊन उभ्या राहिलो तेव्हा, मोटारी डोळ्यांआड केल्या तर, कोणते शतक आहे हे सांगणे कठीण. गावात उन्हाळ्याचे झरे आहेत, सुमारे ४६ अंशांचे. रोमन लोकांपासून तेथे माणसे अंग शेकावयास येत आली आहेत. आपल्या वज्रेश्वरीसारखेच. मात्र तेथे त्या पाण्याभोवती नाचघरे, चहाघरे आणि लग्ने जुळविण्याचा एक बाजारच उभा राहिला.

मिरवणुकीच्या अग्रभागी दवंडीवाला, हातात घंटा आणि अंगावर जरीचा कोट. त्याच्यामागे ढोल, आणि लाल डगल्यांचे शिपाई. त्यांच्यामागे सारे नगर : उंच टोपीचे पुरुष, गळ्याला वेढे देऊन बांधलेला रुमाल, घट्ट तुमानी, आणि बायकांच्या पांढऱ्या झग्यांची, फिती लावलेल्या टोप्यांची आणि छत्र्यांची ती लांबच लांब ओळ. वृद्ध जोडपी होती, पोरेटोरे होती. चाकाच्या खुर्चीतील एका बाईंनी खुर्चीलाही मखमल चढविली होती. ही माणसे हसतखेळत चालत असतात, पण थिल्लरपणा नाही. कोणी ओळखीचे भेटले तर पुरुष टोपी काढून कमरेत वाकतो, बाई गुडघा मुडपते, आणि मग हवापाण्याची बोलणी होतात. आमच्या नातीने झग्याखाली धावण्याचे बूट घातले होते. ते एका कडव्या बाईंच्या नजरेस आलेच; त्यांनी भिवया उंचावल्या आणि मग हसून मान फिरवली.

लाल डगल्यातील एका तरुणाने मला वाट देऊन अदबीने मान लवविली. मीही हात जोडले. पण मनात आल्यावाचून राहिले नाही की, १८०३ च्या सप्टेंबरातच, २३ तारखेला, आसईच्या मैदानावर हाच डगला शिंद्यांच्या तोफांवर चालून आला होता, आणि १८१७ च्या नोव्हेंबरात खडकीला तो पुन्हा दिसला. त्या बिचाऱ्या पोराला ह्याची काय कल्पना! तो बँकेत कारकून आहे असे त्याच्याच बोलण्यातून पुढे कळले.

माझ्या लुगड्याचे फोटो पुष्कळांनी घेतले. “कोणत्या राजघराण्यातील वेष?” असे एकीने विचारले. “कोणत्याही नाही, घरचाच,” असे मी म्हणाले, ते तिला विनयाचे बोलणे वाटले असावे.

पुढे जरा वेळाने माझ्या बरोबरीने एक ठेंगणी म्हातारी चालू लागली. हिच्या अंगावर झगा नव्हता. खाकी रंगाचा जाडाभरडा घागरा, बाह्या वर सारलेल्या, पांढरे फडके आणि डोक्यावर स्वयंपाकिणीची टोपी. हातात एक तांब्याचे पातेले. तेवढ्या उन्हात ते जड पातेले का वागवता, असे मी विचारले. ती म्हणाली की तिच्या आईकडच्या पाच पिढ्या ह्याच गावात मोठ्या घरी चाकरीला होत्या. तिने पहिल्या वर्षी हौसेने मलमलीचा झगा शिवला. आरशात पाहिले, आणि आजी काय म्हणेल असे वाटून तो काढून ठेवला. तेव्हापासून ती दर वर्षी पातेले घेऊन येते. “इतक्या सगळ्या बायका चहा पिणार, तर पाणी कोणीतरी तापवले असेलच ना?” असे म्हणून ती खळखळून हसली, आणि मग मला म्हणाली, “तुम्ही कोण झाला आहात?”

मला एकाएकी उत्तर सुचेना. मग तोडक्यामोडक्या इंग्रजीत मी तिला आत्याबाईंची गोष्ट सांगितली. मुंडणाचे सांगताना शब्द अडला. तेव्हा मी डोक्यावरून हात फिरवून दाखविला. ती चालता चालता थांबली. तिने पातेले दुसऱ्या हातात घेतले, माझा हात क्षणभर धरला, आणि आम्ही पुन्हा चालू लागलो. नात माझ्या दुसऱ्या बाजूला होती. तिने हे सारे ऐकले होते, हे मला त्या वेळी समजले नाही.

मिरवणूक संपल्यावर नदीकाठच्या गवतावर आम्ही शिदोरी सोडली. तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लोणचे. पेशवाईत चालले असते असे तेवढेच. नात जवळ येऊन बसली आणि म्हणाली, “आजी, ती नथ दाखव.” मी डबी उघडली. “अकरा म्हणजे माझ्यापेक्षा एकच वर्षाने मोठी?” मी हो म्हटले. “मग मी घालू?”

मी सूनबाईकडे पाहिले, सूनबाईने माझ्याकडे. अपशकुन, वाईट नजर, असले काही माझ्या मनात आले नाही असे मी म्हणणार नाही. ते आले, आणि पोरीने तोवर नाक पुढे केलेही होते. मी चाप दाबून नथ लावली. मलमलीचा झगा, धावण्याचे बूट आणि नाकात चार मोत्यांची मराठी नथ! सूनबाईच्या अस्सलपणाचा पार बोजवारा उडाला. तरी तिनेच पहिला फोटो काढला. तो मी लगेच जाऊबाईंना धाडला. त्यांचे उत्तर एका ओळीचे आले : “खडा पडेल, जपा.”

संध्याकाळच्या गाडीला गर्दी फार. आम्हांला कशीबशी जागा मिळाली. नात दिवसभर चालून दमली होती; खिडकीला डोके टेकताच ती झोपली. गाडी हादरली की नथीतले मोती हलत, आणि समोरच्या बाकावरील एक लहान मूल त्याकडे टक लावून पाहत होते. ब्रिस्टल जवळ आले तेव्हा, ती जागी होऊ नये अशा बेताने, मी चाप सैल केला आणि नथ काढून डबीत ठेवली.